लाल उजेडातलं रफू

रफूताईंना खरं नाव होतं, पण ते सहीपुरतं. सिगारेटने पाडलेलं भोक असो की उंदराने कुरतडलेली बाही, त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायच्या आणि एक उभा, एक आडवा असे विणत भोक बुजवायच्या. गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करून विचारायचं, "अहो, फाटलं होतं कुठे?" एवढं ऐकलं की बाईंचं पोट भरायचं. जेवण नंतर.

आणि इसब व्हायचा तो नेमका त्यांच्याच बोटांना! आधी नुसती खाज, मग लाली, मग भेगा. भेगांच्या कडा इतक्या खरखरीत की बारीक धागा सुईत जायच्या आधी बोटालाच अडकायचा. हातमोजे घातले तर धागा हाताला कळेना, काढले तर लोकांची नजर. बाईंनी लाँड्रीत जाणंच सोडलं. लाँड्रीवाला सगळं रफूचं काम त्यांनाच द्यायचा. त्याला हात दिसले तर काम गेलं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. मग कपडे आणायचे-पोचवायचे नवऱ्याने.

नवरा पंपांच्या मोटारी भरण्याच्या कामातून रिटायर झालेला. जळालेल्या पंपातली तांब्याची तार काढायची, नवी केसाएवढी तार वेढे मोजत भरायची, यात जन्म गेला. आता घरात बसून तो बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायचा आणि चालू वस्तू बिघडवायचा.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, साबणाला हात लावू नका म्हणून बजावलं आणि एक दिवा घरी वापरायला सांगितला. चपटा, लाल उजेडाचा. "काहींची खाज कमी होते, सूज उतरते. काहींना काडीचा फरक पडत नाही. जादू नाही ही, मलम सोडायचं नाही. रोज थोडा वेळ हात समोर धरायचे आणि स्वस्थ बसायचं."

स्वस्थ! हे त्या कोणाला सांगत होत्या? रफूताई तापातही बटणं लावत बसणारी बाई.

नवऱ्याने त्यावर तोडगा काढला. दिवा भिंतीवर न लावता थेट तिच्या कामाच्या टेबलावर टांगला. "हात पण शेकतील, काम पण होईल. वेळ कशाला फुकट घालवायचा?" वर खिडकीचा पडदाही ओढून घेतला, कारण अंधारात उजेड जास्त लागू पडतो असं त्याचं स्वतःचं शास्त्र. डॉक्टरीणबाईंना विचारायची गरज त्याला वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही.

पण दिवा मानवला. का मलम मानवलं, देव जाणे. महिन्याभरात खाज निम्म्यावर आली, भेगांची तोंडं मिटायला लागली. बाईंनी हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि त्या लाल उजेडात गुणगुणत काम करू लागल्या. नवरा येता-जाता कॉलर ताठ करायचा.

अशात एक पांढरा लोकरी कोट आला. खांद्यावर कसर लागून पडलेलं भोक. आतल्या शिवणीत धागा पुरेना, तेव्हा बाईंनी आपल्या डब्यातून जोडीचा पांढरा धागा निवडला, सुरेख रफू केलं, घडी घातली, कागदात बांधलं. नवऱ्याने नेऊन दिलं.

दुसऱ्याच दिवशी लाँड्रीवाल्याचा फोन. "ताई, डोळे गेले असतील तर सांगा हो. लाज कसली त्यात? पण असलं काम मी गिऱ्हाइकापुढे ठेवू कसं?"

कोट परत आला. बाईंनी पडदा सारून तो उन्हात धरला. पांढऱ्याशुभ्र खांद्यावर गुलाबी डाग! लाल उजेडात पांढरा आणि फिका गुलाबी दोन्ही सारखेच दिसतात. आयुष्यभर धागा खिडकीशी नेऊन पारखणाऱ्या बाईंनी तो दिव्याखाली निवडला होता.

"हे तुमच्यामुळे!" त्या नवऱ्यावर कडाडल्या. "जन्मभर विजेचं काम केलंत, एवढं कळू नये? मला आंधळी ठरवलं त्याने, आंधळी!"

नवरा एरवी एकाला दोन उत्तरं देणारा. त्या दिवशी खुर्चीवर चढला, टेबलावरचा दिवा उतरवला आणि पलीकडच्या भिंतीला लावला.

कोट गिऱ्हाइकाला दोन दिवसांत हवा होता. बाई रफू उसवायला बसल्या. ओढताना नुकत्याच मिटलेल्या भेगा उघडल्या. पांढऱ्या कोटावर रक्ताचा एक थेंब पडला की कारभार आटोपला. चिंध्या बांधल्या तर सुई धरता येईना. बाईंनी सुई खाली ठेवली. "सांगा त्याला, डोळे गेले म्हणून. संपलं."

"सरक जरा," नवरा म्हणाला.

"काय करताय?"

"तार भरतोय समज. तू सांग, कुठून कुठे."

"अहो, हा कोट आहे. पंप नाही!"

"मग ओरड ना. नाहीतरी ओरडतेसच."

आणि त्या ओरडल्या. धागा उन्हात धरून त्यांनी निवडला. "वरून. आता खालून. वरून. अहो, एक सोडून एक! ओढू नका, बैल हाकताय का? नुसता बसवा." तो माणूस जीभ दाताखाली धरून, श्वास रोखून एकेक धागा बसवत होता. चार वेळा उसवायला लावलं, चारही वेळा मुकाट्याने उसवलं. पाचव्यांदा बाईंनी खांदा तिरपा करून उजेडात पाहिला, मग उलटा करून पाहिला. "जमलं की नाही ते तरी सांग," तो म्हणाला. "जमलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना उगाचच रडू आलं.

कोट द्यायला या वेळी त्या स्वतः गेल्या, हातमोजे चढवून, नवऱ्याला बरोबर घेऊन. कोटाची मालकीण काउंटरपाशी उभीच होती. तिने खांदा न्याहाळला, बोट फिरवलं, पुन्हा न्याहाळला. "कुठे होतं भोक?"

लाँड्रीवाल्याचा चेहरा खुलला. "बघा! ताईंचे डोळे शाबूत आहेत. आणि बोटं तर काय, सोन्याची!"

गप्प बसल्या असत्या तर काम पक्कं होतं. पण बाईंना ते सोनं पचेना. त्यांनी हातमोजे ओढून काढले आणि हात काउंटरवर ठेवले. "बोटं ही अशी आहेत, दादा. रंग मी निवडला, टाके यांनी घातले."

लाँड्रीवाल्याने शेजारचा इस्त्रीचा गठ्ठा हळूच आपल्याकडे ओढला. बाईंनी तो ओढताना पाहिला. बोटं आपोआप मिटायला लागली. आता विचारणार, पसरतं का म्हणून. आजवर प्रत्येकाने हेच तर विचारलं होतं.

कोटाची मालकीण वाकून हातांकडे बघत होती. "फार दुखतं का हो?" तिने विचारलं.

रफूताईंची मिटत आलेली बोटं तिथेच थांबली. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. नवऱ्यानेही नाही. तो शेजारी मान खाली घालून उभा होता.

"दुखतं," त्या शेवटी म्हणाल्या. "खूप दुखतं."

लाँड्रीवाला गठ्ठ्यावरचा हात काढून उगाच पावत्या सारख्या करत राहिला. मग आतून एक जळकी पँट आणून त्याने काउंटरवर ठेवली. नवरा-बायकोच्या मधोमध. "ही कोणाकडे देऊ?"

"माझ्याकडे," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "यांना रंगातलं काही कळत नाही."