जित्या काकांना हार आणि यवतमाळचं आठवणींचं गोदाम

ढाणकीहून काकूचे मावसभाऊ सकाळीच मोटारसायकलवर उमरखेडला आले, ते पडलेला चेहरा आणि खांद्यावर पांढरा दुपट्टा घेऊन. दार काकांनीच उघडलं. मावसभाऊ दचकून मागे सरले.

"अरे बाप्पा! तुम्ही तं आहात!"

"आहे ना," काका म्हणाले. "कायले आलते?"

कायले आलते ते सांगायची त्या बिचाऱ्याची हिंमत होईना. शेवटी त्यांनी मोबाइल पुढे केला. यवतमाळात कुठल्याशा कलाप्रदर्शनाचं उद्घाटन झालं होतं, 'आठवणीतलं यवतमाळ' नावाचं. तिथल्या कंपाउंडच्या भिंतीवर गावाच्या आठवणीतली माणसं रंगवली होती, आणि त्यांत आमचे काका. हातात माइक, डोक्यावर भरपूर केस, आणि गळ्यात झेंडूचा हा एवढा जाड हार. फोटो व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरला होता. हार पाहिल्यावर माणसं दुसरं काय समजणार?

मी पुण्याहून आठवडाभरासाठी काका-काकूकडे आलेली. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. अख्खी नोकरी यवतमाळच्या बसस्टँडवर गेली. कोणती गाडी कुठे लागली हे माइकवरून सांगणारा जो आवाज असतो, तो यांचा. निवृत्तीनंतर उमरखेडला घर बांधलं. मी आले होते ते प्रवासासाठी नाही, भांडायला आले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी बायपास करा म्हणून कधीचं सांगून ठेवलंय आणि हे गृहस्थ तारीख घेत नव्हते. आधी म्हणाले पोळा होऊ द्या, मग दिवाळी होऊ द्या, मग सोयाबीन विकू द्या. स्वतःच्या नावावर वावर नाही, तरी सोयाबीन!

आता तर आयतंच कोलीत मिळालं. "माझ्या फोटोले हार पडला. याच्यावर ऑपरेशन करायचं? अपशकुन हाय हा."

शेजारच्या बाई म्हणाल्या, "मरणाची खोटी खबर आली तं आयुष्य वाढते भाऊ." ते मात्र काकांना ऐकू आलं नाही.

"यम काय व्हॉट्सअॅप पाहून गावं ठरवतो का?" मी चिडून विचारलं.

"ते चित्र पुसल्याबिगर मी नागपूरले पाय ठेवत नाही," काका म्हणाले आणि आत जाऊन पेपर वाचत बसले. काकू माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. मी म्हटलं, ठीक आहे, पुसूनच येऊ. गाडी काढली.

तुम्ही जाणार असाल तर रस्त्याची काळजी सोडा. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ असा हायवे मस्त आहे, अडीच तास धरा. टोलसाठी फास्टॅग भरलेला ठेवा. हिवाळ्यात गेलात तर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि पिवळी तूर, आणि मध्येच कापसाने फुगलेला ट्रॅक्टर, जो तुम्हाला ओव्हरटेक करू देत नाही. आर्णीला आम्ही आलूबोंडा खाल्ला, वरून तर्री. काकांनी दोन मागितले. काकूने एक परत पाठवला.

"मेलेल्या माणसाले कायचं पथ्य?" काका म्हणाले.

काकू हसली नाही.

प्रदर्शन यवतमाळ शहराच्या टोकाला आहे, लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे, एका बंद पडलेल्या गोदामात. पाटी लहान आहे, रिक्षावाल्याला 'चित्रं काढलेलं गोदाम' म्हणा, बरोबर नेतो. तिकीट नाही. पाणी सोबत ठेवा आणि दुपार टाळा, पत्रे तापतात.

भिंत लांबूनच दिसते. टांगेवाला, दाई, सिनेमाचे पोस्टर लावणारा, आणि मग आमचे काका. झेंडू आता सुकला होता. चित्र काढणारी पोरगी, पल्लवी, तिथेच होती. काकांना पाहून तिचा रंगच उडाला.

"काका... तुम्ही या चित्रातलेच काका आहात ना?"

"होतो म्हणतात," काका म्हणाले.

तिने हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. उद्घाटनाला पाहुणे बोलावले होते, त्यांच्यासाठी हार आणले होते. आपल्याकडे पाहुण्यांचे हार आधी आणि पाहुणे मागून. दोन पाहुणे आलेच नाहीत. एवढे महागाचे हार फेकायचे कसे? भिंतीला दोन जुने खिळे होते, एक दाईच्या डोक्यावर, एक काकांच्या. प्रदर्शनाच्या मंडळातल्या कोणीतरी उत्साहात दिले अडकवून. आणि दाई पण ठणठणीत आहे म्हणे, काल येऊन पल्लवीला चांगलं फैलावर घेऊन गेली.

मला इतकं हसू आलं की मी भिंतीला टेकले. न आलेल्या पाहुण्याच्या हाराने आमच्या घरात सुतक आणलं होतं!

"काका, तुम्ही म्हणाल तर आत्ता चुना मारते," पल्लवी रडवेली होऊन म्हणाली. ब्रश आणायलाही निघाली.

काका चित्राजवळ गेले. खूप वेळ पाहत राहिले. "कान मोठे काढले," म्हणाले. मग, "शर्ट निळा नव्हता, खाकी होता." तेवढ्यात स्कूटीवरची एक बाई थांबली. "सर, तुमचा आवाज ऐकून मी कॉलेजची बस पकडत होती! बरे आहात ना?" काकांनी मान हलवली. चुना मारा असं ते म्हणाले नाहीत आणि राहू दे असंही नाही. माझ्या लक्षात आलं, बहाणा हातातून गेल्यावर माणूस जसा गोंधळतो तसे ते उभे होते.

आत गेलो. पहिल्या दालनात जुन्या दुकानांच्या पाट्या, दुसऱ्यात गोधड्यांवर लोकांनी आपापल्या गल्लीचे नकाशे शिवलेले. पण गर्दी तिसऱ्यात. तिथे फक्त एक कोरडा नळ आणि त्याच्यापुढे पाण्याच्या गुंडांची, म्हणजे हंड्यांची, लांबलचक रांग. यवतमाळात पाणीटंचाईचे दिवस काढलेल्यांना ही रांग समजावून सांगावी लागत नाही. माणूस घरी, गुंड रांगेत. एका आजीबाईंनी इकडेतिकडे पाहून आपल्या पायाजवळचा गुंड हळूच दोन नंबर पुढे सरकवला.

"ओ बाई, नंबर हाय ना आमचा!" काकू ओरडली. काकू! जी दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. दोघी एकमेकींकडे पाहून खदखदा हसल्या. मग काकू मला सांगत बसली की कोणत्या गल्लीत नळ किती वाजता यायचा. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला आणि मला बरं वाटलं.

शेवटी गोदामाच्या कोपऱ्यात पिवळा एसटीडी बूथ, काचेचं दार, आत टेबल आणि लाल फोन. दाराशी बसलेल्या मुलीने नियम सांगितला. रिसीव्हर उचलला की आधीचा माणूस काय बोलून गेला ते ऐकू येतं. मग टूं वाजतं, मग तुम्ही बोलायचं. तुमचं बोलणं पुढच्या माणसाला ऐकू येतं आणि आधीचं पुसलं जातं. काहीच बोलला नाहीत तर जुनंच राहतं.

"म्हणजे माझ्या मागून ही ऐकन?" काकांनी काकूकडे बोट दाखवून विचारलं.

"हो."

काका आत गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. ज्या माणसाने आयुष्यभर अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलून काढलं, तो रिसीव्हरला तोंड लावून कुजबुजत होता. बाहेर आले ते आमच्याकडे न पाहता सरळ बाकावर जाऊन बसले.

काकू आत गेली. रिसीव्हर कानाला लावला आणि तिने दुसरा हात टेबलावर टेकला. ऐकत राहिली. मग पदराने नाक पुसलं आणि बोलायला लागली, चांगलं झाडल्यासारखं, बोट नाचवून. बाहेर येऊन मला म्हणाली, "जा आता तू."

मी उचलला. काकूचा आवाज होता.

"ऐकलं मी. तुम्ही म्हणता, मले भेव वाटते, ऑपरेशनच्या टेबलावरून उठलोच नाही तं तुझं कसं होईन. इतके दिवस पोळा, दिवाळी, सोयाबीन सांगून राह्यले, हे काहून नाही सांगितलं? मी रोज रात्री तुमच्या छातीवर हात ठेवून पाहत बसते, श्वास चालू हाय का. त्याचं भेव नाही का मले? दोघांलेबी वाटते नं भेव? मंग भेत-भेत जाऊ. पण जाऊ."

टूं वाजलं. मी बोलले असते तर हे पुसलं गेलं असतं. मी रिसीव्हर अगदी अलगद ठेवला, रांगेतल्या पुढच्या माणसाला हात जोडून थांबवलं आणि बाकापाशी गेले.

"काका, तुमचा फोन आहे."

ते गेले. या वेळी बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. "पोरी, नागपूरची तारीख घे," एवढंच म्हणाले. मी तिथेच फोन लावला, त्यांचं मन बदलायच्या आत. काकू त्यांच्या शेजारी बसली आणि दोघं एका बाटलीतून आळीपाळीने पाणी पीत राहिले. मला इतकं हलकं वाटलं की त्या गोदामाच्या तापलेल्या पत्र्याखालीसुद्धा गार वाटायला लागलं.

निघताना पल्लवी चुन्याची बादली घेऊन वाट पाहत होती, बिचारी. काका म्हणाले, "चित्र राहू दे. खिळा उपट तेवढा."

मी आता पुण्यात माझ्या घरी बसून हे लिहिते आहे. फोटो फारसे नाहीत, माफ करा, त्या दिवशी काढायचं सुचलंच नाही. मैत्रिणी विचारतात, एवढं काय होतं त्या प्रदर्शनात? पाट्या, गोधड्या, गुंड, सांगते मी. चांगलं होतं, जाऊन या. पण यवतमाळ म्हटलं की मला खरं तर नागपूरच आठवतं, तारखेच्या दिवशीचं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये काकू सकाळपासून उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. दार उघडून डॉक्टर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, झालं, छान झालं, आता भेटता येईल थोड्या वेळाने. मी रडायला लागले. काकू रडली नाही. खाली बाकावर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "पोरी, मले भूक लागली वं."