अठरा माणसांची जीप

रिकामं वाहन ज्याला बघवत नाही असा माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि ते माझे मावसा आहेत. मावशीचे यजमान म्हणून आम्ही त्यांना मावसा म्हणतो. पण तळोद्यापासून मोलगीपर्यंत निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव ठाऊक नाही, तेही मावसाच म्हणतात. रस्त्याने एखादी एसटी मोकळी गेली तर मावसा ती दिसेनाशी होईपर्यंत हळहळतात. माझं नवीन लग्न झालं तेव्हा मी बायकोला मोटारसायकलवर बसवून मोठ्या ऐटीत निघालो, तर मावसांनी हात करून थांबवलं, आमच्या दोघांत अजून एक जण मावतो हे वितीने मोजून दाखवलं आणि बसस्थानकापर्यंत एक म्हातारबाबा आमच्यामध्ये बसून आले. त्यांची काठी बायकोने धरली होती. ती अजून मला ते ऐकवते.

मावसांनी तीस-बत्तीस वर्षं अक्कलकुवा ते मोलगी अशी जीप चालवली. ती जीप कागदावर दहा जणांची, मावसांच्या मते अठरा जणांची, आणि मोलगीच्या बाजाराच्या दिवशी टपावरचे धरून किती जणांची होती हे एक देवगोईचा घाटच जाणे. एवढं वजन पेलावं म्हणून चाकांवर जे लोखंडी पाटे असतात, त्यांत मावसांनी जास्तीचे पाटे घालून घेतले होते. माणसं कशीही कोंबली तरी पुढच्या सीटचा नियम मात्र कडक होता. पुढे बसायचं ते म्हाताऱ्या माणसांनी आणि दवाखान्यात निघालेल्या गरोदर बायांनी. सरपंच असो की शाळा तपासायला आलेले साहेब, त्यांनी मागे गुडघे जुळवून बसायचं आणि दुसऱ्याची कोंबडी मांडीवर घ्यायची. या नियमापायी पहाडात मावसांना फार मान होता. आणि याच नियमापायी माझी मावशी स्वतःच्या नवऱ्याच्या जीपमध्ये एकदाही पुढे बसली नव्हती. माहेरी निघाली तरी मागे, आणि मांडीवर कोंबडी.

तसा शब्द तिला मिळालेला होता. जीप घरी आली त्या दिवशी मावशीने तिला हळदकुंकू लावलं, तेव्हा मावसा सगळ्यांदेखत म्हणाले होते, “तुले पुढे बसाडीसन द्वारकाना समुद्र दखाडसू.” मावशी ते विसरली नाही. मावसा दर बाजाराच्या दिवशी विसरत गेले. मग मोलगीकडे नव्या गाड्या धावू लागल्या, घरोघर मोटारसायकली आल्या, मावसांच्या फेऱ्या बंद पडल्या आणि जीप तळोद्याच्या घरी अंगणात निंबाखाली उभी राहिली. यंदा दसऱ्याच्या सुमारास मावशी मिरच्यांची देठं खुडता खुडता शांतपणे म्हणाली, “गाडीना कागद या वरीसले सरतीन. मंग गाडी भंगारमा, नि मी खाटवर. समुद्र कवय दखाडशात?”

मावसा त्याच दिवशी तयारीला लागले. एखाद्या माणसाने जीप तयार करायची म्हणजे तेलपाणी बघितलं असतं, मिस्तरीला दाखवलं असतं. मावसांनी आधी चाकांना लावायचे चार दगड निवडले. घाटात गाडी मागे सरकू नये म्हणून ते दगड लागतात. द्वारकेच्या वाटेवर घाट नाही आणि गुजरातेत दगड मिळतात, असं मी शाळामास्तराच्या सवयीने सुचवून पाहिलं. “मास्तर,” ते म्हणाले, “आपला दगड आपला. तठला दगड कसा ऱ्हाई, कोनले माहीत?” जीप धुवायला त्यांनी सक्त मनाई केली, कारण काही ठिकाणी आता पत्रा गेला असून नुसती मातीच उरली होती. इंजिनाची दुखणी त्यांनी मिस्तरीला वळणांच्या हिशेबाने सांगितली: दुसऱ्या वळणावर खोकते, मोठ्या आंब्याजवळ गरम होते, उतार लागला की रुसते. मिस्तरी तळोद्यातला, सपाटीवरचा माणूस. त्याने डोकं खाजवलं, खालून एकदा नजर टाकली आणि म्हणाला, “मावसा, बाकी जाऊ द्या, आधी हाई जास्तीना पाटा काढा.” मावसांनी त्याच्याशी पंधरा दिवस अबोला धरला.

त्याचं म्हणणं खरं होतं हे चाचणीच्या दिवशी कळलं. मावसा, मागे मी आणि माझी बायको, आणि पुढे नवं लुगडं नेसून मावशी, असे चौघं निघालो. मावशी ताठ बसली होती आणि ओळखीच्या प्रत्येक घरासमोर तिने मान वळवून कोणी बघतंय का ते पाहिलं. पहिला गतिरोधक आला. अठरा जणांसाठी घट्ट केलेली ती जीप चार माणसांना घेऊन अशी उडाली, की मावशीचं डोकं हूडच्या दांड्याला लागलं आणि माझी बायको माझ्या मांडीवर येऊन पडली. मावसांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून सगळीकडून पाहिलं आणि निदान केलं, “गाडीमा दोष नई. मानसं कमी शेतस.”

मग वजन गोळा करणं सुरू झालं. आधी वाळूची पोती भरली. त्यातली एक ओली निघाली आणि मागची फळी कुजायला लागली. मग ज्वारीची पोती टाकली, तर निंबावरच्या चिमण्यांनी जीपमध्ये मुक्काम ठोकला. शेवटी मावसांना साधा उपाय सुचला आणि ते तळोदाभर हिंडून आमंत्रणं देऊन आले. भजनी मंडळातले सहा जण, एक निवृत्त तलाठी, शेजारचं कुटुंब, त्यांच्या दम्याचा विकार असलेल्या आजी. आता जीप बरोबर बसणार म्हणून मावसा खूश होते. रात्री जेवताना कोण कुठे बसणार ते त्यांनी शेंगदाणे मांडून दाखवलं. आजींचा शेंगदाणा त्यांनी पुढे ठेवला. मावशीचा मागे, भजनातल्या पेटीवाल्याच्या शेजारी.

मावशीने खुंटीवरची भरलेली पिशवी काढली, लुगडी घडी मोडू न देता परत कपाटात ठेवली आणि मिरच्यांचं सूप पुढे ओढलं. “तुम्ही जाई या,” ती म्हणाली. “मी नई येवाव.” त्यापुढचे तीन दिवस त्या घरात देठं खुडल्याचा तेवढा आवाज होता. भाजी अळणी व्हायला लागली. मावसांनी मीठ मागण्याचीही हिंमत केली नाही.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. मावसा पाना घेऊन स्वतः पाटे काढत होते. मला मिस्तरीला बोलवू दिलं नाही. “हाऊ पाटा,” आतूनच आवाज आला, “मोलगीना बाजार वाढना तवय घाला. नि हाऊ, एक बाईले निम्मा घाटमा कळा सुरू व्हयन्यात, गाडी लई दणकनी, तवय.” एकेक पाटा ते बाहेर सरकवत होते. शेवटचा काढून बाहेर आले, अंगाची माती न झाडता तसेच बसले आणि म्हणाले, “मास्तर, आते मोलगी बंद.” मला फार वाईट वाटलं. फेऱ्या चार वर्षांपूर्वीच थांबल्या होत्या हे खरं, पण मावसांच्या मनातून त्या तोवर चालूच होत्या. त्यांनी पाटे पुसले, तेल लावलं आणि मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खाटेखाली ठेवले. मग आमंत्रण दिलेल्या सगळ्यांकडे जाऊन जीपचे ब्रेक गेले आहेत असं सांगून आले. त्यामुळे बिनब्रेकच्या जीपमध्ये बायकोला द्वारकेला नेणारा माणूस म्हणून गावाने त्यांच्याकडे दोन दिवस निराळ्याच नजरेने पाहिलं.

निघाले त्या सकाळी मी अक्कलकुव्यापर्यंत मागे बसलो होतो. माझी शाळा तिथेच आहे. मावशी पुढे. जीप कशी तुरुतुरु पळत होती, गतिरोधक आला-गेलेला कळत नव्हता. मोलगी फाट्यावर मी उतरलो. तेवढ्यात पहाडातला एक म्हातारा, बगलेत कोंबडा घेऊन, हात वर करत आला. जीप त्याने लांबूनच ओळखली होती. त्याला पुढे खापरपर्यंत जायचं होतं. मावसांनी इंजिन चालूच ठेवलं होतं, ते बंद केलं. म्हातारा नेहमीच्या सवयीने पुढच्या दाराशी आला आणि मावशीकडे बघत उभा राहिला. मावसाही मावशीकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांचा नियम होता, मोडायचा तरी कसा? मावशीने पदर सावरला, पण जागची हलली नाही.

“मांगे बसाडा त्यासले,” ती म्हणाली. “मीबी आते डोकरीच शे.”

मावसांनी तिच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं ती मागे बसत होती, त्यामुळे तिचे केस पांढरे झालेले त्यांनी बहुधा तेव्हाच पाहिले. “हां,” ते हळूच म्हणाले, “व्हयनी खरी.” मग खाली उतरले, म्हाताऱ्याला दंडाला धरून मागे बसवलं, कोंबडा त्याच्या मांडीवर दिला आणि जीप निघाली.

सहाव्या दिवशी फोन आला. आधी मावशी. “मी दखा रे बेटा समुद्र,” एवढंच म्हणाली. मग मावसांनी फोन घेतला. समुद्र कसा आहे विचारलं, तर म्हणाले मोठा आहे, पण सगळा रिकामा. नंतर थोडं घुटमळून म्हणाले, “मास्तर, त्या पाट्यासले तेल लाय बरं. गंज चढाले नको.”

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, खाटेखालून गाठोडं ओढलं. पाट्यांवर तेलाचा चांगला जाड थर होता, अजून वर्षभर गंज चढला नसता. तरी मी खाली बसलो आणि एकेक पाटा घेऊन पुन्हा तेल लावलं.