सत्तुराची खांड

गल्लीत तिला मोजकी म्हणत. नाव सासूनं ठेवलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात म्हातारीच्या ध्यानात आलं, की ही पोरगी पाच माणसांचं शिजवते तेव्हा पाचव्याला कमी पडत नाही आणि पातेल्यात सहाव्याचा घासही उरत नाही. बोलणंही तसंच. लागेल तेवढं, वर चिमूटभर नाही.

घर खाटकाचं. दुकान रस्त्याच्या तोंडाशी, घर त्याच्या पाठीला, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढा बोळ आणि त्याला लोखंडी दार. दुकानातला लाकडी ओंडका नवऱ्याच्या आजापासूनचा, घाव खाऊन खाऊन मधोमध परातीसारखा खोलगट झालेला. रोज दहाच्या सुमारास नवरा कागदात गुंडाळलेलं किलोभर मटण बोळातून आत द्यायचा. सकाळी खिमा, दुपारी रस्सा, रात्री उरलेले तुकडे तव्यावर. दोन मुलगे, दोघंही दुकानात, दोघांची खुराड्यातल्या कोंबड्यासारखी भूक. पाला बकऱ्यानं खायचा आणि बकरं आपण, अशी त्या घरात अन्नाची वाटणी. जेवून झालं की नवरा बोटं चाटून एकच शब्द बोलायचा, "जमलंय." बायकोचं कौतुक म्हणून त्याच्याकडे एवढाच एक शब्द होता आणि तिला तो पुरत होता.

सासरा बावन्नाव्या वर्षी त्याच ओंडक्यावर पालथा पडला होता, मुठीत सत्तूर तसाच. नवरा एकोणपन्नासाव्या वर्षी पडला. खांद्यावर अर्धं बकरं होतं, ते आकड्याला लावता लावता खाली बसला तो उठेना. दवाखान्यात आठ दिवस काढले. डॉक्टरनं दाताच्या कण्या केल्या. छातीतल्या दोन नळ्या बुजत आल्यात, मटण बंद करा, चरबी तर डोळ्यानंही बघू नका, पुढचा झटका विचारून येणार नाही. नवरा मान डोलवत राहिला आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाला, "शिंप्याला सांगतो का कुणी उघडं फिर म्हणून?"

चौथ्या दिवशी त्यानं रस्सा मागितला. तिनं दुधीभोपळा वाढला. त्यानं ताट सरकवलं, चप्पल घातली आणि नाक्यावरच्या खाणावळीतून तासाभरानं परतला. ओठांना रश्शाची चरबी लागलेली. आवाज चढवला नाही. घरात मिळालं नाही तर बाहेर मिळतं, म्हणाला, मी कुठं खायचं ते तू ठरव.

तिनं ठरवलं. त्यानं घरातच खायचं, आणि तिनं घालायचं तेच खायचं.

पहिल्या आठवड्यात तीन मुठी खिम्यात एक मूठ मसूर गेली, मऊ शिजवून, पाणी आटवून. कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या महिन्यात निम्मं निम्मं झालं. मसुरीनं दाताला काही लागत नाही, म्हणून तिनं अळंबी बारीक चिरून कोरडी परतून घातली. कांदा काळा होईस्तो भाजायला शिकली, लवंग-मिरी वाढवली. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, हातानं रेषारेषा सुटतील अशा फाडायच्या, मग तेलावर खरपूस करायच्या. पातेल्यात निखारा ठेवून त्यावर तेलाचा थेंब सोडायचा आणि धूर आत मुरेल असं झाकण घट्ट लावायचं. सहाव्या महिन्यात कागदातलं मटण जसंच्या तसं मागच्या दारानं इस्त्रीवालीकडे जायला लागलं. तिच्या घरात पाच पोरं. तिनं कधी का म्हणून विचारलं नाही. ज्याच्या घरी आयतं येतं तो कशाला विचारतो?

एकच गोष्ट अडली. नळी. नवऱ्याला रश्शात नळीचं हाड लागायचं, त्यातला मगज ओढून खाल्ल्याशिवाय त्याचं जेवण पुरं व्हायचं नाही. आणि ताजी नळी म्हणजे रश्शावर बोटभर चरबी. तेव्हा तिनं तीन नळ्या उकळून उकळून पार कोरड्या केल्या आणि फ्रीजच्या बर्फाच्या खणात डब्यात ठेवल्या. एखादी तडकली की कागदातली ताजी नळी उकळून तिच्या जागी ठेवायची. जेवणाआधी एक काढायची, पोकळीत पांढऱ्या घेवड्याचा लगदा भरायचा, वरून भाजल्या कांद्याचं तेल चोळायचं आणि रश्शात सोडायची. तो डोळे मिटून ओढायचा. जमलंय म्हणायचा.

सासूनं मात्र ओळखलं. एका दुपारी दोघीच असताना म्हातारी म्हणाली, "सूनबाई, माझे दात गेलेत, जीभ जाग्यावर आहे." मोजकीच्या हातातला डाव थांबला. म्हातारीनं वाटी पुढं केली आणि आणखी वाढ म्हणाली. एक पुरुष त्या ओंडक्यावरून उचलला, दुसरा उचलायची ताकद नाही, एवढंच पुढं बोलली. त्यानंतर दोघींनी ती गोष्ट पोटात ठेवली आणि घरातल्या तीन पुरुषांना ताकास तूर लागू दिली नाही.

वर्ष झालं. नवऱ्याचं पोट आत गेलं, जिना चढताना धाप लागेना. तपासणीचे कागद बघून डॉक्टर खूश झाला, शाबास म्हणाला. नवऱ्यानं छाती पुढं काढून सांगितलं, की साहेब, रोज मटण खातोय, एक दिवस चुकला नाही. डॉक्टरनं कागद उलटसुलट करून पुन्हा वाचला. दाराशी उभ्या असलेल्या मोजकीनं मान खाली घातली.

तिथून त्याच्या तोंडाला जोर चढला. गिऱ्हाईक दिसलं की सुरू. डॉक्टर भीती घालतात, दवाखाना चालायला पाहिजे ना, हा माझ्याकडे बघा. लोक बघायचे आणि पाव किलोऐवजी अर्धा किलो न्यायचे. तिला हे ऐकू यायचं, बोळातून सगळंच ऐकू येतं. बोलतो तर बोलू दे, तिनं मनाशी म्हटलं. जिवंत आहे म्हणून बोलतोय.

धारवाला त्याचा जुना दोस्त. सायकलच्या चौकटीवर दगडी चाक बसवलेलं, पायानं फिरवायचा, ठिणग्या उडवत गप्पा मारायचा. नवऱ्याच्या सत्तुराला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. त्या वर्षी धारवालाही आजारी पडला, दुखणं तेच, डॉक्टरही तोच. महिनाभर अंथरुणावर होता. त्या महिन्यात सत्तूर हाडात अडकून पात्याला खांड पडली, तांदळाएवढी. मुलं म्हणाली दुसरीकडून धार लावून आणू. नवरा नाही म्हणाला, दोस्त उठेल तेव्हा लावेल. महिनाभर खांड पडलेल्या सत्तुरानंच तोडत राहिला.

धारवाला उठला आणि पहिलं चाक त्यानं याच दारात फिरवलं. खांड घासून काढली, पातं अंगठ्यावर तपासलं. नवऱ्यानं त्याला हाताला धरून आत जेवायला आणलं. तो संकोचला. वहिनी, मला नको, म्हणाला, बायकोनं शपथ घातलीय, दूधभातावर आहे. गालफडं बसली होती, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर.

नवरा हसला. "बायका शपथा घालतात आणि आपण मरतो दूधभात खाऊन. माझ्याकडे बघ की. तुझंच दुखणं, तोच डॉक्टर. एक दिवस सोडलं नाही."

मोजकी डाव घेऊन उभी होती. पातेल्यात अळंबी, सोयाबीन, घेवडा. तिनं तोंड उघडलं. सासूनं कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं, ते बोल म्हणून की गप्प बस म्हणून, हे तिला पुढं कितीही आठवून कळलं नाही. एवढं मात्र तिला त्या क्षणी कळलं, की बोलले तर हा उद्या खाणावळीत बसेल आणि वर्षात ओंडक्यावर पडेल. तिनं धारवाल्याच्या ताटात वाढलं. तो जेवला, दोनदा मागून घेतलं आणि जाताना म्हणाला, वहिनी, महिन्यानं जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून अर्धा किलो नेलं. मग दर दिवसाआड. नवरा त्याला मुद्दाम चरबीचा तुकडा निवडून द्यायचा, दोस्त म्हणून. ती बोळात उभी राहून सत्तुराचे घाव ऐकायची. त्याच्या बायकोला गाठून सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. एकदा चप्पल घालून निघालीही होती. पण बायकोला सांगितलं की धारवाल्याला कळणार, धारवाल्याला कळलं की त्याच्या दोस्ताला. कोपऱ्यावरूनच माघारी फिरली आणि मसूर भिजत घातली.

तीन महिन्यांनी धारवाला चाकावरच गेला. पाय फिरत होते ते थांबले आणि तो कलंडला. माणूस तीन महिन्यांच्या खाण्यानं मरतो की तीस वर्षांच्या, हे डॉक्टरनंही सांगितलं नाही. नवऱ्यानं दोन दिवस दुकान बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसला. रस्सा वाढला होता, नळी उचलली आणि तोंडाशी नेता नेता थांबला.

तोडलेल्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग नळी उजेडाकडे धरली. कापाच्या मधोमध एक बारीक उभी रेघ वर आली होती, तांदळाएवढी. पात्याला खांड असली की तेवढं हाड कापलं न जाता उंच राहतं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. हा ते हाड आंधळ्यासारखा चाचपून ओळखणारा. म्हणाला, ही खांड त्यानं काढून तीन महिने झाले.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यानं नळीतला लगदा बोटानं काढून जिभेवर ठेवला, या वेळी डोळे उघडे ठेवून. मग तुकडा उचलून रेषा सोडवून पाहिल्या. मग उठला, बर्फाचा खण उघडला, डबा काढला. उरलेल्या दोन नळ्या ताटाशेजारी मांडल्या.

"किती दिवस?"

"सव्वा वर्ष," ती म्हणाली.

ओरडेल, ताट भिरकावेल, याची तिनं तयारी ठेवली होती. सव्वा वर्ष रोज ठेवली होती. तो बसला. चार पिढ्यांचा खाटीक, ज्याला डोळे बांधून तुकडा दिला तर मांडीचा की खांद्याचा ते सांगायचा, तो वर्षभर घेवडा चोखत होता. हे एखादवेळी त्यानं हसण्यावारी नेलं असतं. आई मध्ये पडली, म्हणाली तू जिवंत आहेस तो हिच्यामुळं. त्यानं आईकडे पाहिलंच नाही.

"तो इथं जेवला त्या दिवशी ताटात काय होतं?"

"अळंबी."

"आणि तू मला बोलू दिलंस."



रस्सा त्यानं संपवला. उद्यापासून कागद आत येणार नाही, म्हणाला, जे शिजवायचं ते उघड शिजव. तिला वाटलं बाहेर खाईल. बाहेरही गेला नाही. रोज घरी बसून मसूर, वांगं, घेवडा, जे वाढेल ते खाल्लं, कण न टाकता, शिक्षा भोगावी तसं. मुलांनी तक्रार केली तर त्यांच्याकडे नुसतं बघायचा. दुकान मात्र चालूच ठेवलं. गिऱ्हाइकाशी बोलणं बंद झालं, मागतील तेवढं तोडून द्यायचा. सत्तुराला धार लावायला कुणाला दिला नाही. स्वतःच घासायचा, वाकडातिकडा. आणि तो एक शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आला नाही. खांडेची नळी त्यानं टाकू दिली नाही. ती भांड्यांच्या फळीवर असायची. मोजकी रोज फळी पुसताना ती उचलायची आणि परत ठेवायची.

वर्षाच्या आत सासू गेली. त्यानंतर कधीतरी सकाळी धारवाल्याची बायको आली. मोजकीनं चहा टाकला, मोजून दोन कप. ती बाई टेकली आणि बोलत राहिली. पोरगा आता चाक फिरवतो, सत्तावीस वर्षांचा, परवा चढावर सायकल ढकलताना छाती धरून बसला. डॉक्टरनं बापाचंच दुखणं वाचून दाखवलं. पण पोरगा ऐकत नाही, मटणाशिवाय घास उतरत नाही. ताई, तुमच्याकडे तर रोज असतं, तुमच्या मालकांना काही झालं नाही, ज्याचं त्याचं नशीब. मग मीही म्हटलं, पोराला तरी कशाला उपाशी मारू?

बोळातलं लोखंडी दार अर्धं उघडं होतं. त्यापलीकडं सत्तुराचा आवाज थांबला होता.

मोजकीनं सांगितलं. पहिल्या मसुरीच्या मुठीपासून सांगितलं. धारवाला जेवला तो दिवस सांगितला, ताटात काय होतं ते सांगितलं, कोपऱ्यावरून माघारी फिरले तेही. आयुष्यात एका दमात एवढं ती कधी बोलली नव्हती. ती बाई ऐकत होती. चेहरा हलला नाही, फक्त मांडीवरचे हात एकमेकांत गेले आणि तसेच राहिले.

मग त्या बाईनं विचारलं, "सोयाबीन किती वेळ भिजत घालायचं?"

"पाणी कढत असेल तर अर्धा तास."

"पिळून?"

"पिळून. पाणी दोनदा बदलायचं, नाहीतर उग्र वास येतो."

"आणि कांदा?"

"काळा होईस्तो. करपू द्यायचा नाही."

तिनं सगळं विचारून घेतलं. किती मसुरीला किती अळंबी, निखारा किती वेळ ठेवायचा, पहिल्या आठवड्यात किती आणि दुसऱ्या महिन्यात किती. प्रत्येक उत्तरावर मान हलवत होती, पाठ करत असल्यासारखी. मग उठली, पदर सारखा केला. मोजकी म्हणाली, चहा घ्या. ती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "त्याला मी सांगणार. लपवून नाही घालणार."

त्यानंतर ती कधी आली नाही. रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूनं जायची. पोरगा मात्र चाक घेऊन गल्लीत फिरताना दिसायचा, अंगानं हडकला होता, पण चढावर सायकलवरून उतरत नव्हता. या दुकानापुढं त्यानं सायकल कधी उभी केली नाही.

ती बाई येऊन गेली त्या दिवशी दुपारी नवरा हात धुऊन आत आला. पाटावर भरलेला कप तसाच होता, वर साय धरलेली. तो कपाकडे बघत राहिला.

"घेतला नाही?"

"नाही."

त्यानं ताट पुढं ओढलं. तिनं वाढलं, तो जेवला. पुसून घ्यावं असं ताट रिकामं केलं, हात धुतले आणि बोळातून दुकानात गेला. थोड्या वेळानं ओंडक्यावर घाव पडायला लागले. मोजकीनं ताट उचललं. कप मात्र दिवेलागणीपर्यंत तिथंच राहिला. त्या घरात उरलेल्याचं काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.