टिकारामचं पोट आणि कुंताबाईचं कपाळ

करडी गावात टिकारामला सगळे भितात, मी सोडून. मी त्याची शेजारीण, आणि मला त्याची भीती नाही, संताप येतो. बहात्तराव्या वर्षी त्याने स्वतःच्या बायकोला चोर समजून काठीने झोडपलं. कुंताबाईचं कपाळ फुटलं, डावं मनगट मोडलं. "माह्या घरात कायले घुसली वो?" असं ओरडत मारत होता.

"तो नाही मारत, बिमारी मारते," कुंताबाई म्हणाली. पन्नास वर्षांच्या संसारात तिच्या मते कधी दारू मारायची, कधी ऊन. टिकाराम आपला कायमचा निर्दोष!

मोहाडीच्या डॉक्टरने आधी म्हाताऱ्याचं पोट दाबलं. ते आठ दिवस साफ झालं नव्हतं. "खातात काय?" त्याने विचारलं. सून रिताने मान खाली घातली. लाखोरीच्या डाळीने पाय जातात असं तिने मोबाईलवर पाहिलं होतं. मग डाळीसोबत तिने तरोट्याची भाजी, अंबाडी, जवसाची चटणी, सगळंच बंद केलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. ताटात उरला पांढरा भात, बटाटा आणि चहात बुडवलेला टोस्ट.

"म्हातारपणी पोट तुंबलं की डोकंही भ्रमतं," डॉक्टर म्हणाला. "पोटातले चांगले जंतू पालेभाजीवर, जवसावर जगतात. त्यांना उपाशी ठेवू नका. पाणीही भरपूर पाजा."

एनिमा झाला. घरी आल्यावर प्लास्टरातला हात सांभाळत कुंताबाई तरोटा खुडू लागली, एका हाताने जवस कुटू लागली. माझं डोकंच फिरलं. "याच्यासाठी करून राहिली?"

"होश आला का ओळखते मले. मंग नाही मारत."

तिने सगळी आशा त्या एका ओळखीवर लावली होती.

तीन आठवड्यांत टिकाराम माणसात आला. नातवांची नावं आठवली, बांधावरून झालेली जुनी भांडणंही आठवली. एका दुपारी तो जेवायला बसला तेव्हा मी त्यांच्या अंगणातच होते. त्याने घास घेतला आणि म्हणाला, "कुंता, मीठ कुठी गेलं वो?"

नाव ऐकून तिचा चेहरा फुलला. तेवढ्यात ताट भिंतीवर आदळलं आणि काठी तिच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, दात पडला.

ती रडली नाही. रक्त थुंकली, उजव्या हाताने मुसळ उचललं आणि त्याच्या नडगीवर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला.

"कुंता! मी तुहा नवरा आहो!" तो बोंबलला.

"मालूम आहे," ती म्हणाली. "मी बिमार नाही." आणि तिने मुसळ पुन्हा उचललं.