धगाजीराव कुणावरनं काढला?

शिवलीलेची चित्रं चुलवाणात गेली, त्या दिवशी गुऱ्हाळावर रसाची काहील नुकतीच चढली होती.

पेठ वडगावच्या बाहेरचं ते गुऱ्हाळ तिच्या दोडप्पांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं. वडील गेल्यापासून घरात सिद्धलिंग दोडप्पांचाच शब्द चालायचा. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. भावजय आणि पुतणी यांना त्यांनी सांभाळलं होतं, आणि सांभाळलं हे ते उठता-बसता बोलूनही दाखवायचे.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. कोल्हापुरातलं चित्रकलेचं शिक्षण संपवून शिवलीलेची मुंबईला पुढच्या वर्गासाठी निवड झाली होती. आई मल्लव्वा म्हणाली, "दोडप्पांना इचार." म्हणून आईला घेऊन ती चित्रांचा गठ्ठा काखेत मारून गुऱ्हाळावर गेली. एकदा चित्रं बघितली की ते नाही म्हणणारच नाहीत, असं तिला वाटत होतं.

दोडप्पांनी चित्रं बघितली. बाजारातल्या बायका बघितल्या, रंकाळ्यावरच्या म्हशी बघितल्या. मग तालमीतल्या पैलवानाचं चित्र आलं. अंगावर फक्त लंगोट.

"हे कुठं बसून काढलीस?"

"तालमीत. सर हुते की संगं. सगळा वर्ग हुता."

दोडप्पा चिडले नाहीत. आवाजही चढवला नाही. गठ्ठ्याची नाडी सोडून त्यांनी एकेक कागद चिपाडांबरोबर चुलवाणाच्या तोंडात सारला. शिवलीला पुढं धावली, तशी मल्लव्वानंच तिचा दंड धरला. शेवटचा कागद गेला तेव्हा दोडप्पांनी हात झटकले आणि म्हणाले, "मिटलं की!"

अडतीवर सौदा तुटला की ते हेच म्हणायचे. तोच आवाज आणि तसेच हात झटकणं. चित्रं गेली याच्यापेक्षा त्या दोन शब्दांनी शिवलीला जास्त पेटली. आणि आईच्या बोटांचे वळ दंडावर कितीतरी वेळ राहिले, त्याचा राग तर तिला कुणाला सांगताही येईना.

मुंबई हातची गेली. लग्नाची स्थळं यायला लागली, ती तिनं अशा काही चेहऱ्यानं परतवली की मध्यस्थांनी घरचा रस्ता सोडला. शेवटी दोडप्पांनीच तिला अडतीशेजारच्या छापखान्यात चिकटवलं. छापखाना पार्श्वनाथअण्णांचा. अण्णा जैन, मऊ बोलणारे, मुंगीला वळसा घालून जाणारे गृहस्थ. तिथं लग्नपत्रिकांवर गणपती आणि केळीचे खांब काढायचं काम तिला मिळालं. दोडप्पांना अडतीच्या गादीवर तक्क्याला टेकून बसल्या बसल्या पुतणी दिसत राहायची, हाही हिशेब त्यात होताच.

छापखान्याच्या पलीकडं रद्दीचं दुकान होतं. एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत यंत्रं बसवायला आलेला जपानी इंजिनिअर परत गेला, आणि त्याच्या खोलीतली रद्दी त्या दुकानात आली. त्यात एक जाडजूड चित्रकथा होती. मागच्या पानापासून सुरू होणारी, नुसत्या काळ्या शाईची. अक्षर एक कळत नव्हतं, तरी शिवलीला ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचून गेली. गोष्टीत एक ड्रॅगन होता. पंख पसरून डोंगरावर बसलेला, खालचं गाव न्याहाळणारा. त्याला कशाचीच घाई नव्हती. गाव आपलंच आहे आणि जाळायचं कधी तेही आपणच ठरवायचं, असा त्याचा चेहरा.

"ह्याला मी वळखतो," असं ती पुटपुटली.

अण्णा तेव्हा 'फुलबाजी' नावाचं मुलांचं मासिक काढायचे. शिवलीलेनं त्यांच्यापुढं चित्रकथा टाकली. सात डोंगरांच्या मुलखात वेणू नावाची मुलगी असते. ती खडकावर जे काढते ते जिवंत होऊन चालायला लागतं. आणि सगळ्यात उंच डोंगरावर राहतो ड्रॅगन धगाजीराव. जाड भुवया, लोंबते गाल, पाठीला तक्क्या. माणसांनी हातानं केलेलं काहीही त्याला खपत नाही. कुणी घोंगडं विणलं की जाळ, कुणी भिंत रंगवली की जाळ. जाळून झालं की पुढचे पंजे झटकायचे आणि म्हणायचं, "मिटलं की!"

"माणसं खाईत न्हाय न्हवं?" अण्णांनी काळजीनं विचारलं.

"न्हाय अण्णा. नुसतं जाळतोय."

"मग छापू या."

वर्षाच्या आत वेणू मागं पडली आणि धगाजीराव पुढं गेला. पोरं वह्यांवर त्याचे पंख काढायची. क्रिकेटमध्ये दांडी उडाली की मैदानभर ओरडा, "मिटलं की!" मलकापूरपर्यंतच्या एसटीत लोकांना ते शब्द ऐकू यायला लागले. दोडप्पाही मासिक चाळायचे, पोट हलवून हसायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आमच्या पोरीचा हाय. बेरकी जनावर काढलंय बघा." शिवलीला खिडकीतनं ते ऐकायची आणि पुढच्या अंकात धगाजीरावाच्या गालाला आणखी एक वळी घालायची. लोकांनी ओळखला नाही याचं तिला नवल वाटायचं. पण ज्याचा होता त्यालाच ओळखू येईना, याचा संताप व्हायचा.

मग दोन हजार दोनमध्ये भानगड झाली. शाहूपुरीतल्या एका नगरसेवकानं, सयाजीरावांनी, रस्त्याकडेच्या भाजीवाल्या बायकांची खोकी उठवली. मोडकी फळकुटं तिथंच ढीग करून पेटवली. तेव्हा शालूबाई नावाची भाजीवाली त्यांच्या गाडीच्या काचेवर थापा मारत ओरडली, "पेटीव रं धगाजीराव! म्हण आता, मिटलं की!" सगळा बाजार हसला. त्या दिवसापासून सयाजीरावांना गावानं दुसऱ्या नावानं ओळखलंच नाही. त्यांनाही भुवया जाड होत्या आणि तक्क्याशिवाय बसवत नव्हतं, हे त्यांचं दुर्दैव.

एका भरदुपारी त्यांची माणसं छापखान्यात शिरली. कागदाची रिळं ढकलली, शाईचे डबे लवंडले. मागोमाग सयाजीराव स्वतः आले आणि अण्णांच्या खुर्चीत बसले.

"ह्यो मीच न्हवं?" त्यांनी अंक टेबलावर आपटला. "पुढल्या अंकात ह्येनं बायकांच्या पाया पडायचं, शाणं व्हायचं आन् गावाची सेवा करायची. आन् खाली तुमची माफी छापायची. न्हायतर छापखाना ऱ्हातोय का बघा."

अण्णा तिच्याकडं वळले. "शिवलीला, कुणावरनं काढलाईस ते सांग की गं सायबांना."

शिवलीला शाईच्या थारोळ्यात उभी होती. "माफी मी मागणार न्हाय. बायकांची खोकी जाळताना तुम्ही माफी मागितलासा? जे जाळत्यात त्यांना स्वतःचं चित्र सोसत न्हाय व्हय?"

गलका ऐकून दोडप्पा धोतराचा सोगा सावरत धावत आले. सयाजीरावांपुढं हात जोडले. "पावणं, लेकरू हाय, न कळतं हाय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिची सगळी चित्रं मी आत्ता हितं तुमच्या म्होरं पेटवतो." आणि सवयीनं त्यांनी हात झटकले. "मिटलं की!"

आधी दारातला सयाजीरावांचा एक दांडगा गडी फिसकन हसला. मग सयाजीरावांनी अंक उचलला. चित्राकडं बघितलं, दोडप्पांकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं. "आयला," ते म्हणाले, "ह्यो तर तुमच्या घरातलाच निघाला की!" आणि पोट धरून हसायला लागले. चित्र आपलं नव्हतं, या सुटकेचंच हसू ते. जाताना ते दोडप्पांच्या पाठीवर थाप मारून गेले.

दोडप्पांनी अंक हातात घेतला. इतकी वर्षं हसत चाळलेली पानं त्यांनी आता सावकाश उलटली. भुवया. गाल. तक्क्या. पंजे.

"मी?" त्यांनी विचारलं.

"व्हय," शिवलीला म्हणाली. "गुऱ्हाळावर काय केलासा ते आठवतंय?"

"काय केलतो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. तिनं त्यांच्या डोळ्यांत नीट शोधलं, आणि तिथं काही नव्हतं. तिचं आख्खं आयुष्य ज्या जाळात गेलं, तो त्यांच्या लेखी गुऱ्हाळावरचा एक साधा दिवस होता. आजवरचा सगळा राग या एका रागापुढं कमीच म्हणायचा.

"माझी चित्रं जाळलासा तुम्ही," ती ओरडली, रस्त्यावरची माणसं थांबली इतक्या मोठ्यानं. "एकेक करून! आन् आत्ता परत जाळायला निघाला हुतासा!"

त्याच आठवड्यात तिनं घर सोडलं आणि राजारामपुरीत खोली घेतली. मल्लव्वा डबा घेऊन यायची आणि ठेवून लगेच निघायची. एकदाच तिनं लेकीच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी धरायला नको हुतं." शिवलीलेनं हात काढला नाही, पण "असू दे" असंही म्हणाली नाही.

भाजीवाल्या बायकांनी मात्र शिवलीलेला सोडलं नाही. खोक्यांसाठी मोर्चा काढला तेव्हा शालूबाईनं तिच्याकडून पुठ्ठ्याचा भला थोरला धगाजीराव करून घेतला आणि पुढं धरून महापालिकेवर नेला. निम्म्या बायकांना जागा परत मिळाली. निम्म्यांना नाही.

'फुलबाजी' पुढं तीन वर्षं चाललं. पोरं घराघरात केबलवर कार्टून बघायला लागली, तसा खप ओसरला. शेवटच्या अंकाच्या वेळी अण्णा म्हणाले, "आता तरी त्याला शाणा कर. लेकरांचं मासिक हाय."

"न्हाय अण्णा. कशाबद्दल शाणा व्हायचं हेच त्याला ठावं न्हाय."

तिनं शेवटच्या पानावर वेणूला डोंगर सोडून जाताना दाखवलं. मागं धगाजीराव जाळत बसलाय, आणि ती वळूनही बघत नाही.

तो अंक निघाल्यावर दोडप्पा खोलीवर आले. वय झालं होतं, जिना चढून धाप लागली होती. बगलेत कोऱ्या ड्रॉइंग कागदांची गुंडाळी होती. ती उंबऱ्याशी ठेवून ते म्हणाले, "मला अजून आठवत न्हाय, पोरी. पण तू म्हणतीस म्हणजे केलं असंल."

शिवलीलेला वाटलं, गुंडाळी जिन्यावरनं खाली भिरकावावी. पण तिनं ती उचलली आणि आत नेऊन टेबलावर उलगडून ठेवली. कागद चांगला होता, जाड, खरखरीत.

"च्या ठेवतो," ती म्हणाली. "बसा" असं मात्र ती म्हणाली नाही. दोडप्पा दारातच उभे राहून प्याले.