रुबीमावशींची एक ओळ

भुतंखेतं, आत्मे, अतृप्त इच्छा… या सगळ्याची मी आजवर टिंगलच केली आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. पुन्हा तसंच करून दाखवता आलं नाही, तर ते घडलंच नाही, असं मानणारा. मूळ नागपूरचा, गेली अकरा वर्षं अल्फारेटात, अटलांटाच्या उत्तरेला. आणि हे घडलं भर दुपारी, लख्ख उजेडात.

शेजारी मिस रुबी राहायच्या, ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या. माझी बायको मृणाल त्यांना रुबीमावशी म्हणायची. तरुणपणी त्या सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चगाण्यातून आलेलं संगीत गाणाऱ्या एका नावाजलेल्या गायिकेच्या कोरसमध्ये होत्या. एकदा टीव्हीवर, गाणं ऐन रंगात असताना, त्या गायिकेने अचानक माइक यांच्यापुढे धरला आणि एक ओळ रुबीमावशींनी एकटीने म्हटली. उभ्या आयुष्यात तेवढीच. स्टेशनने मूळ टेप कधीच पुसून टाकली होती. उरली होती ती यांच्या कपाटातली व्हीएचएस कॅसेट, आणि ती लावायला घरात व्हीसीआर नव्हता.

कॅन्सर शेवटच्या टप्प्यावर आला, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "बेबी, तू कॉम्प्युटरवाला ना? एकदा ऐकव मला. मी खरंच चांगली गायले होते का, तेच आठवत नाही आता."

मी कुठूनसा जुना व्हीसीआर मिळवला, लॅपटॉपला जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं. तेवढ्यात ऑफिसची मीटिंग आली. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहेच — हेडसेट कानाला, माइक म्यूट, हात भलत्याच कामात. लॅपटॉपने आवाज घेतला तो त्या म्यूट केलेल्या माइकचा. कॅसेटचा नाहीच! चित्र स्वच्छ, आवाज शून्य. पुन्हा करावं म्हणून रिवाइंड केलं, तर व्हीसीआरने फीत खाल्ली, तुकडे तुकडे झाले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा मी, पण सुरुवातीची दोन मिनिटं तपासली नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

"चित्र तरी दाखवू," मृणाल म्हणाली. "पण आधी खरं काय ते सांगून टाक यार."

मला सांगता आलं नाही. लाज वाटली.

गुरुवारी तीनच्या सुमाराला आम्ही गेलो. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन काळजी घेणारी, नर्स उशी नीट करत होती. बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं. "त्या माणसाला थांबवा, डोकं उठलंय," रुबीमावशी म्हणाल्या. म्हणजे कान शाबूत होते. नर्सने खिडकी लावली आणि मी लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडून फाइल सुरू केली.

आणि गाणं ऐकू आलं.

ड्रम, ट्रम्पेट, टाळ्या, सगळं. मृणालने माझा दंड धरला. "अरे, आवाज आहे की!" नर्सला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती पायाने ठेका धरत होती. मग ती ओळ आली. पडद्यावरची तरुण रुबी पुढे सरकली… मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवा, वाचवलंस, असं वाटलं.

मी वळून पाहिलं. रुबीमावशी टीव्हीकडे बघत होत्या, कपाळाला आठ्या.

"आवाज कुठंय, बेबी?"

मृणालने व्हॉल्यूम पूर्ण वाढवला. त्या नुसती मान हलवत राहिल्या. "ओठ हलताहेत फक्त." नर्स म्हणाली, "मिस रुबी, यू वेअर समथिंग! काय गायलात!" नर्सचं बोलणं त्यांना ऐकू गेलं. गाणं नाही.

"कशी गायले मी?"

"फार सुंदर. शपथेवर सांगतो, आम्ही ऐकलं."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "गोड आहेस. पण तुला कसं कळणार, बेबी? आवाजच नाही त्यात." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

रविवारी त्या गेल्या.

ती फाइल मी चार प्रोग्राममध्ये उघडून पाहिली. आवाजाची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट. त्यानंतर ती एकदाही वाजली नाही. नर्सला फोन केला, तर तिने चाल गुणगुणून दाखवली. भांडी लावताना कधी मृणालच्या तोंडी ती ओळ येते आणि मी तिथून उठून जातो.

लोक म्हणतील, चमत्कार. असेल. पण जिच्यासाठी व्हायचा तिलाच वगळून झाला, आणि मी वेळेवर तपासलं असतं तर त्याची गरजही नव्हती. हे कसं झालं, मला माहीत नाही. विचारायचं सोडूनही दिलंय. रुबीमावशी त्यांचा प्रश्न घेऊन गेल्या, आणि त्याचं उत्तर आम्हा तिघांकडे पडून आहे.