शिडाला लागलेली बोटं

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा सांभाळून घ्या. पण गेल्या वर्षी वारलेल्या शेजारच्या काकांबद्दल लिहायचंच होतं.

समोर कोणीही आलं की काका त्याच्या कपड्याचं टोक बोटांत धरून चोळायचे. "थांब, माले दखू दे," असं आपल्या खानदेशी बोलीत म्हणायचे. मग कापड कुठलं ते सांगायचे. सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या गल्लीत एका नव्या नवरीचा पदरही त्यांनी असाच धरला. सासरच्यांनी रेशमी म्हणून दिलेला. "निव्वळ पॉलिस्टर शे!" नवरीची सासू महिनाभर काकांशी बोलली नाही.

उभा जन्म काकांनी मागावर संपलेल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून जोडले. त्यातच डोळे गेले, काम सुटलं. मग घरात त्यांना कोणी काही विचारेना.

तापीच्या मुखाशी, जुन्या धक्क्यावर शिडाचं जहाज आलं. जुन्या जहाजासारखं हुबेहूब बांधलेलं. पूर्वी सुरतेचं कापड अशाच जहाजांतून जायचं, म्हणून काकाही आमच्याबरोबर बघायला यायच्या हट्टाला पेटले. सून वैतागली. "बाबा, तुम्हाला दिसत तर काही नाही. येऊन काय बघणार?"

"डोया गयात. बोटं शेतस ना!"

मी भीत भीत म्हटलं, "मी धरते त्यांचा हात."

जहाजावर माहिती देणारी मुलगी सांगत होती, सगळं जुन्या पद्धतीचं, शिडंसुद्धा सुती. शिडं खाली उतरवलेली होती. काकांनी तोवर एक चोळलंही.

"काका, हाथ ना लगाडो!"

"बेटी, ये सूती नहीं. पॉलिस्टर है."

लोक हसले. सून ओळख नसल्यासारखी मागे सरकली.

परदेशी कप्तान पुढे आला. त्याचं ऐकून मुलगी ओशाळली. हिंदीत म्हणाली, "काका बरोबर आहेत. पण एक शीड खरंच सुती आहे. ओळखाल का, असं कप्तान विचारतात."

मी त्यांना एकेका शिडाशी नेलं. पहिलं चोळलं, सोडलं. दुसरं, तिसरंही. कोणी हसत नव्हतं. पाचव्यावर बोटं थांबली. काकांनी ते गालाला लावलं, शिवणीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हाई सूत शे. टाकाबी हातना शेतस."

कप्तानाने टाळ्या वाजवल्या आणि जहाजाच्या घंटेची दोरी काकांच्या हाती दिली. काकांनी ती अशी ओढली की धक्क्यावरची अख्खी रांग वर बघू लागली. थांबायचं नावच घेईनात.

खालून कोणीतरी ओरडलं, "अरे, कोण आहेत हे?"

कठड्यावरून वाकून सुनेने साऱ्या बंदराला ऐकवलं, "आमचे सासरे!"